आयमेसेज अँड्रॉइडवर आलं तर दिंडोरीत कोणाला फरक पडेल?

अ‍ॅपलने आपलं आयमेसेज अँड्रॉइड फोनवर आणावं की नाही, हा वाद अमेरिकेत दहा-बारा वर्षं चालू आहे. आपल्याकडे त्याबद्दल वाचलं की पहिला प्रश्न येतो, आणून करायचं काय? दिंडोरीच्या बसस्टँडवर उभं राहून दहा जणांना विचारा, आयमेसेज हे नाव ऐकलेला एखादाच निघेल. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यासाठीसुद्धा ‘मेसेजेस’ म्हणजे ओटीपी आणि कर्जाच्या जाहिराती येण्याची जागा. बोलणं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.

तरी हा विषय घ्यायचं कारण आहे. आमच्या तालुक्यात द्राक्षाच्या पैशावर शिकलेली बरीच पोरं आता परदेशात आहेत. आई-वडील इकडे मोहाडीला, वणीला, खेडगावला. मुलगा-सून न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला. नातवंडं तिथल्या शाळेत जातात आणि त्यांच्या हातात आयफोन असतो. मग कधीतरी तिकडून फोन येतो, ‘बाबांना आयफोन घेऊन द्यायचा विचार आहे, म्हणजे आमच्या घरच्या ग्रुपमध्ये येतील. कुठला घेऊ?’ मोबाईलमधलं कळतं म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. बाबांच्या हातात चांगला चालणारा पंधरा हजारांचा फोन असतो. नवा आयफोन साठ हजारांच्या आसपास सुरू होतो. मधला पंचेचाळीस हजारांचा फरक कॅमेऱ्यासाठी नाही, नुसता निरोप नीट पोचावा म्हणून मोजायचा. तेव्हा हा वाद तिकडचा असला तरी त्याचं बिल इकडेही येतं.

आयमेसेज करतं काय?

१२ ऑक्टोबर २०११ ला आयओएस ५ सोबत आयमेसेज आलं. अ‍ॅपलने वेगळं अ‍ॅप दिलं नाही, एसएमएसचं जे अ‍ॅप फोनमध्ये होतं त्यातच ते घातलं. खरी हुशारी इथेच आहे. तुम्ही नंबर टाकून निरोप लिहिला की फोन आधी अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारतो, हा नंबर आपल्याकडे नोंदलेला आहे का? असेल, तर समोरच्याच्या प्रत्येक उपकरणाची चावी मिळते, निरोप त्या चावीने कुलूपबंद होतो आणि इंटरनेटवरून जातो. वाटेत तो अ‍ॅपललाही वाचता येत नाही (आयक्लाउडवर साधा बॅकअप चालू असेल तर गोष्ट वेगळी, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय). बबल निळा दिसतो. नंबर नोंदलेला नसेल, तर तोच निरोप मुकाट्याने एसएमएस होऊन जातो. बबल हिरवा. सोबत व्हिडिओ असला तर तो एमएमएसने जायचा, आणि एमएमएसची मर्यादा इतकी कमी की पोचेपर्यंत त्यातले चेहरे ओळखू येत नाहीत.

म्हणजे वापरणाऱ्याला काही निवडावंच लागत नाही, काही डाउनलोड करावं लागत नाही. अमेरिकेत निम्म्याहून जास्त फोन आयफोन आहेत, शाळकरी पोरांत तर त्याहूनही कितीतरी जास्त. तिथे ग्रुपमध्ये एक अँड्रॉइडवाला आला की अख्खा ग्रुप हिरवा व्हायचा. फोटो बिघडायचे, ‘समोरचा टाइप करतोय’ ही खूण जायची, आणि दोष त्या एकट्याच्या माथी यायचा. हिरव्या बबलवरून पोरं एकमेकांना चिडवतात ही अतिशयोक्ती नाही.

आपल्याकडे असं का झालं नाही? तिथे एसएमएस पॅकमध्ये पोटभर मिळत होते, त्यामुळे लोक एसएमएसच्याच अ‍ॅपमध्ये राहिले. आपल्याकडे दिवाळी किंवा नववर्ष आलं की पॅक बंद आणि प्रत्येक शुभेच्छेला वेगळे पैसे, हे तुम्हाला आठवत असेल. त्यात २७ सप्टेंबर २०११ पासून ट्रायने जाहिरातींचा उपद्रव रोखायला एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरमध्ये ती २०० केली. अ‍ॅपलने एसएमएसच्या खांद्यावर बसून आयमेसेज आणलं ते या मर्यादेनंतर बरोबर पंधरा दिवसांनी. इथे तो खांदाच लंगडा होता.

व्हॉट्सअ‍ॅपने कोणाचा फोन कुठला हे बघितलं नाही. ते आयफोनवर चाललं, अँड्रॉइडवर चाललं, ब्लॅकबेरीवर चाललं, नोकियाच्या बटणांच्या स्वस्त फोनवर चाललं. २०१८ मध्ये जिओफोनवरही आलं. आज भारतात त्याचे ५० कोटींहून जास्त वापरकर्ते आहेत.

अ‍ॅपलच्या घरातलं भांडण

अ‍ॅपलला हे सुचलं नव्हतं असं नाही. फोर्टनाइट गेमवाल्या एपिक कंपनीने अ‍ॅपलवर खटला भरला, त्यात २०२१ मध्ये अ‍ॅपलचे आतले ईमेल बाहेर आले. २०१३ मध्ये गुगल व्हॉट्सअ‍ॅप विकत घेणार अशी कुजबुज होती. तेव्हा अ‍ॅपलचे एडी क्यू यांनी आयमेसेज अँड्रॉइडवर आणावं असा आग्रह धरला होता. नाहीतर मोबाईलमधलं सगळ्यात महत्त्वाचं अ‍ॅप गुगलच्या हातात जाईल, अशी त्यांची भीती. सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांचं उत्तर असं होतं की तसं केलं तर आयफोनवाल्या घरांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घेण्यातली अडचण तेवढी दूर होईल. पुढे २०१६ मध्ये फिल शिलर यांनीही लिहिलं की यात फायद्यापेक्षा तोटा जास्त.

फेडेरिगींचं ते वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात तांत्रिक अडचणीचा शब्द नाही. अडचण राहिली पाहिजे हाच हिशेब. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एका कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या एकाने टिम कुक यांना विचारलं की आईला पाठवलेले काही व्हिडिओ तिला दिसत नाहीत. कुक हसत म्हणाले, आईला आयफोन घेऊन द्या. सभागृहात हशा पिकला असेल. आपल्याकडच्या आईला तो विनोद पंचेचाळीस हजारांना पडतो. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलवर मक्तेदारीचा दावा दाखल केला, त्यात या उत्तराचा उल्लेख आहे.

अ‍ॅपल दरवाजा उघडतच नाही असंही नाही. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये आयट्यून्स विंडोजवर आणलं, कारण त्याने आयपॉड खपणार होते. २०१५ मध्ये अ‍ॅपल म्युझिक अँड्रॉइडवर आणलं, कारण महिन्याची वर्गणी येणार होती. दरवाजातून पैसा आत येणार असेल तर तो उघडतो. आयमेसेजचा दरवाजा उघडला तर गिऱ्हाईक बाहेर जाण्याची शक्यता, म्हणून तो बंद. फेसटाइम तर सगळ्यांसाठी खुलं मानक करू असं खुद्द स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये मंचावरून सांगितलं होतं. ते झालं नाही.

अ‍ॅपलची एक बाजू मात्र खरी आहे, ती सांगायला हवी. आयमेसेजमध्ये शिरण्याचं तिकीट म्हणजे अ‍ॅपलचं खरं उपकरण. लाखो बोगस खाती काढायची तर लाखो उपकरणं लागतात, म्हणून तिथे फुकट्या जाहिरातदारांना थोडा तरी आळा बसतो. हे तिकीट खोटं करता येतं हे डिसेंबर २०२३ मध्ये बीपर मिनी नावाच्या अ‍ॅपने दाखवलं. अँड्रॉइड फोनवरून थेट आयमेसेज, निळ्या बबलसकट. अ‍ॅपलने काही दिवसांतच तो रस्ता बंद केला. त्याआधी महिनाभर नथिंग या फोन कंपनीने सनबर्डच्या मदतीने असंच काही आणलं होतं, ते जास्त भयंकर होतं. तुमचा अ‍ॅपल आयडी त्यांच्या सर्व्हरवर द्यायचा आणि मग निरोप जाणार. निरोप उघडे पडत असल्याचं लोकांनी दाखवून दिलं आणि ते अ‍ॅप लगेच प्ले स्टोअरवरून काढावं लागलं. अशी ‘जुगाडं’ आजही कोणी सुचवली तर अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड देऊ नका. फोटो, कॉन्टॅक्ट, फोनचा ठावठिकाणा, सगळं त्या एका पासवर्डमागे असतं.

उशिरा उघडलेला दरवाजा

ब्लॅकबेरी मेसेंजर, म्हणजे बीबीएम, २००५ मध्ये आलं. २०१० च्या आसपास मुंबई-पुण्यात कॉलेजच्या पोरांमध्ये ‘तुझा पिन दे’ म्हणणं ही प्रतिष्ठा होती. नाशिकपर्यंत ती हवा पोचली होती, दिंडोरीत मात्र फोन बघायलाच मिळायचा. कंपनीतले जिम बाल्सिली यांना बीबीएम इतर फोनवर न्यायचं होतं. बाकीच्यांना वाटलं, तेच दिलं तर आपला फोन कोण घेणार? योजना बारगळली आणि २०१२ मध्ये बाल्सिलींनी संचालक मंडळ सोडलं. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये बीबीएम आयफोन आणि अँड्रॉइडवर आलं. पहिल्या चोवीस तासांत एक कोटी डाउनलोड झाले. लोकांनी कुतूहलाने उघडलं, आत बघितलं, ओळखीचं कोणीच नाही, आणि परत व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. ३१ मे २०१९ ला सामान्य वापरकर्त्यांसाठी बीबीएम बंद झालं.

आयमेसेज आज भारतात अँड्रॉइडवर आणलं तर हेच होईल असं मला वाटतं. शंभरातले नव्वदहून जास्त फोन इथे अँड्रॉइडचे आहेत, आणि त्यातल्या कोणाच्याच ओळखीचं माणूस त्या अ‍ॅपमध्ये नसेल. क्यू यांचं २०१३ मध्ये ऐकलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. आता ती गाडी गेली.

पण भिंत आपल्याकडेही आहे

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग आपण जिंकलो की. आपलं व्हॉट्सअ‍ॅप सगळ्या फोनवर चालतं, आपल्याला निळं-हिरवं नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस आठवा. अवकाळी पाऊस पडतो आणि रात्री अकराला बागायतदारांच्या ग्रुपवर धडाधड फोटो सुरू होतात: पानावर डाग आलाय, डाऊनी आहे का, काय मारू? कोणी औषधाचं नाव टाकतो, कोणी सकाळी किती वाजता फवारायचं ते. मजुरांची टोळी कधी येणार ते ग्रुपवर ठरतं, काढणीला आलं की व्यापाऱ्याचा भाव ग्रुपवर येतो, खरेदीदाराला घडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच जातो. आता समजा मला व्हॉट्सअ‍ॅप नको झालं. जाहिराती वाढल्या म्हणून, किंवा सगळं मेटाच्या हाती नको म्हणून. मी दुसरं अ‍ॅप घेतलं तर त्यातून या ग्रुपला एक शब्द पाठवता येत नाही. बाहेर पडायचं म्हणजे हंगामात बहिरं व्हायचं. कोण पडेल?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये हे डोळ्यासमोर घडलं. झोहोच्या अरट्टई अ‍ॅपची एकदम लाट आली. स्वदेशी म्हणून आमच्या इथे बऱ्याच जणांनी घेतलं, मीही घेतलं. ‘अमुक जण अरट्टईवर आले’ अशा सूचना आठवडाभर येत राहिल्या, एकमेकांना नमस्कार झाले, आणि डाऊनीची चर्चा होती तिथेच राहिली. अ‍ॅप वाईट नव्हतं. तेव्हा त्यात चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं ही मोठी उणीव होती, पण परत जाणाऱ्या दहांतल्या एकालाही त्यामुळे परत जाताना मी पाहिलं नाही.

या सगळ्या वादात एक गफलत सर्रास होते. एखादं अ‍ॅप सगळ्या फोनवर मिळणं वेगळं आणि एका अ‍ॅपमधला निरोप दुसऱ्या अ‍ॅपमध्ये पोचणं वेगळं. पहिल्या गोष्टीमुळे व्हॉट्सअ‍ॅप जिंकलं. दुसरी त्यानेही दिली नाही. अ‍ॅपलची भिंत फोनच्या किमतीची आहे, मेटाची भिंत माणसांची. दुसरी भिंत फुकट आहे म्हणून दिसत नाही.

दुसरी गोष्ट कशी असते हे मात्र आपल्याला रोज दिसतं. दिंडोरीतल्या भाजीवाल्याकडे फोनपेचा कागद चिकटवलेला असतो आणि आपण गुगल पेने पैसे देतो. कोणाचं खातं कुठल्या बँकेत आहे हे विचारावं लागत नाही. २०१६ मध्ये एनपीसीआयने यूपीआय आणताना नियमच असा केला की अ‍ॅप कोणाचंही असो, पैसे सगळीकडे पोचले पाहिजेत. झोहोचे श्रीधर वेम्बू यांनी अरट्टईच्या लाटेत नेमकं हेच मांडलं की निरोपांचं मानक यूपीआयसारखं, ईमेलसारखं खुलं असावं. मागून आलेल्या कंपनीला असं म्हणणं सोयीचंच असतं. पण सोयीचं असलं म्हणून चुकीचं होत नाही.

फक्त यूपीआयची उपमा एका जागी मोडते, आणि ती जागा नाजूक आहे. यूपीआयमध्ये मधल्या यंत्रणेला प्रत्येक व्यवहार दिसतो, दिसलाच पाहिजे. निरोपात मधल्या कोणालाच काही दिसता कामा नये. आपल्या सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांत निरोप सर्वात आधी कोणी पाठवला ते शोधून देण्याची अट आहे, आणि त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. उद्या ‘सगळी अ‍ॅप जोडा’ असा नियम आपल्याकडे आला तर त्यात कुलपाची चावी कोणाकडे, हे आधी वाचायला हवं. युरोपने डिजिटल मार्केट्स कायद्यात व्हॉट्सअ‍ॅपला इतर अ‍ॅपशी जोडणी द्यायला लावली आहे आणि एन्क्रिप्शन टिकवून ती द्यायची असं बंधन घातलं आहे. गंमत म्हणजे आयमेसेजला त्याच कायद्यातून फेब्रुवारी २०२४ मध्ये वगळण्यात आलं.

मग अ‍ॅपलने काय करावं?

माझं मत विचाराल तर अ‍ॅपलने अँड्रॉइडसाठी आयमेसेज काढू नये. उपयोग नाही. त्याने आरसीएस पुरतं करावं. आरसीएस म्हणजे एसएमएसची सुधारलेली आवृत्ती: मोठे फोटो, टायपिंगची खूण, वाचल्याची पोच, सगळं इंटरनेटवरून, आणि ते कोणा एका कंपनीचं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत अ‍ॅपलने ते आयफोनमध्ये आणलं. बबल हिरवाच ठेवला, हा खास अ‍ॅपलचा स्वभाव. पण त्यात आयफोन आणि अँड्रॉइडमधल्या निरोपाला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं. मार्च २०२५ मध्ये जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने तेही मानकात घातलं आणि अ‍ॅपलने ते स्वीकारणार असं जाहीर केलं. अमेरिकेतल्या नातवाचा आयफोन आणि इथल्या आजोबांचा अँड्रॉइड यांच्यातला खरा पूल हा आहे.

दोन अडचणी आहेत. आयफोनवर आरसीएस चालणं सिमच्या कंपनीवर अवलंबून असतं. तुमच्या कंपनीने ते चालू केलं असेल तरच सेटिंगमध्ये पर्याय दिसतो. दुसरी अडचण अब्रूची. आपल्याकडे आरसीएस माहीत झालं तेच झटपट कर्ज आणि रमीच्या चित्रमय जाहिरातींमुळे. इतका त्रास झाला की २०२२ मध्ये गुगलला भारतात अशा जाहिराती काही काळ थांबवाव्या लागल्या. लोकांनी वैतागून ‘आरसीएस चॅट्स’ बंद करून टाकलं. ज्या दारातून फक्त विक्रेता येतो ते दार कोणी उघडं ठेवत नाही. अ‍ॅपल, गुगल आणि सिम कंपन्यांनी आधी हे साफ करावं, मग मानकाच्या गप्पा.

तोवर परदेशातल्या ज्यांना बाबांसाठी आयफोन घ्यायचा आहे, त्यांना मी सांगतो ते असं. फोन म्हणून आवडला तर जरूर घ्या, ग्रुपसाठी घेऊ नका. नातवाला व्हॉट्सअ‍ॅप घ्यायला लावा, ते फुकट आहे. फेसटाइमवरच बोलायचं असेल तर २०२१ पासून आयफोनवरून लिंक पाठवता येते आणि ती अँड्रॉइडवर क्रोममध्ये उघडते, आजोबांना अ‍ॅपल आयडी लागत नाही.

आणि घरातला जुना आयफोन आई-बाबांना दिलाच, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आयमेसेज चालू होताना फोन गुपचूप एक परदेशी एसएमएस पाठवतो, त्याचे पैसे सिममधून कापले जाऊ शकतात. ती फसवणूक नाही. दुसरं, काही महिन्यांनी त्यांना तो फोन झेपला नाही आणि सिम परत अँड्रॉइडमध्ये टाकलं, तर आधी आयफोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आयमेसेज बंद करा. विसरलात तर तुमच्या आयफोनवरून गेलेले निरोप त्यांच्या जुन्या नोंदीकडे जात राहतात. तुम्हाला बबल निळा दिसतो, त्यांच्या हातातल्या फोनवर काहीच येत नाही. आयफोन आता हाताशी नसेल तर अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर नंबर टाकून, आलेला कोड भरून नोंद काढता येते. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त कोड त्याच सिमवर येतो, म्हणून बाबांना फोनवर घेऊनच करा.